गोदा सशिणीचं मखमली कुंपण

एका जंगलात, म्हणजे असेल कुठेतरी, गोदा नावाची सशीण राहायची. तिला चार पिल्लं. बिळाभोवती तिनं बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. शेजारी कोल्हा राहायचा, म्हणून घातलं होतं. एवढं तर तुम्हालाही कळतं, बाळांनो.

कोल्ह्यालाही कळायचं. पण तो आता पंचायतीत निवडून आला होता. सगळे त्याला कोल्हेसाहेब म्हणायचे.

एकदा सरपंच अस्वलानं सभा बोलावली. कोल्हेसाहेब उभे राहिले.

"जिथं तिथं काटे. पाहुणे काय म्हणतील?"

"कुठले पाहुणे?" गोदानं विचारलं.

"येतील ना. वाट मोकळी झाली की येतील."

ठराव झाला. यापुढे घराचं कुंपण हिरवं असावं, दिसायला सुंदर, अंगाला मऊ. काटा चालणार नाही. आणि मऊ आहे की नाही, हे कोल्हेसाहेबांनी स्वतः अंग घासून तपासावं.

"माझी पोरं लहान आहेत हो, आबा," गोदा सरपंचाला म्हणाली.

"मग काटे त्यांनाच टोचायचे की," अस्वल म्हणालं. बिचारं मध खाऊन सुस्तावलं होतं. दिवाळीपर्यंत मुदत मात्र दिली.

गोदा भांडली नाही. घरी आली, बांबू रोवले आणि बुडाशी खाजकुयलीचं बी लावलं.

तुम्ही खाजकुयली पाहिली नसेल, तर बरंच आहे. दिसायला छान. शेंगांवर सोनेरी लव, अगदी मखमल. पण ती लव अंगाला लागली, की माणूस नाचतो.

दिवाळीपर्यंत बांबू झाकून गेले. गोदानं बोरीचे काटे काढले. येता-जाता अंग लागू नये म्हणून बिळाचं तोंड कुंपणापासून दूर काढलं आणि पिल्लांना सांगितलं, "कुंपणाला शिवायचं नाही."

कोल्हेसाहेब सरपंचाला घेऊन तपासणीला आले. त्यांची नजर आतल्या पिल्लांवर.

"वा, गोदाताई. याला म्हणतात कुंपण."

"नीट तपासा, साहेब. मागून कुणी बोलायला नको."

साहेबांनी गाल घासला. मग पाठ घासली. मग पोट. नियमच तसा होता.

जरा वेळानं ते खाजवू लागले. मग लोळू लागले.

"काटा आहे. कुठेतरी काटा आहे."

"दाखवा," गोदा म्हणाली.

अस्वलानं लांबूनच पाहिलं. हिरवं होतं. सुंदर होतं. काटा काही दिसेना. "मंजूर," ते म्हणालं.

कोल्हेसाहेब तोवर नदीकडे पळाले होते. खाजेबद्दल नवा ठराव आणायचा, असं ते अजून म्हणतात. पण सभेत एका जागी बसावं लागतं. तेवढं त्यांना जमत नाही. तोवर पिल्लं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेलीसुद्धा.

तात्पर्य: बाळांनो, नियम कधी मोडू नये. मोडला, की शिक्षा आपल्याला होते. नीट पाळला, की ज्यानं केला त्याला होते.