सरकीच्या दोन बरण्या

मानवतला आमचे शेजारी किसनराव माणसाच्या हातावर सरकीचं एक बी ठेवल्याशिवाय त्याच्याशी बोलत नसत. सीमेवर लढाई पेटली, तेव्हा कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी ओट्यावर दोन बरण्या मांडल्या. एकीवर ‘चालू द्या’, दुसरीवर ‘पुरे’. येणाऱ्याजाणाऱ्यानं रोज एक बी टाकायचं. सांजेला पातळी बघून बरण्या रिकाम्या.

पहिल्या आठवड्यात ‘पुरे’चा तळ झाकला नाही. दूधवाला तर ‘चालू द्या’साठी दोन बिया मागायचा. पुढे डिझेल महागलं, जवानांच्या रजा रद्द झाल्या, तसे हात दुसरीकडे वळू लागले.

“म्या पैल्यापासून नगंच म्हनत होतो,” दूधवाला म्हणाला.

“व्हय, दोन-दोन बिया मागून नगं म्हनत होतास!” किसनराव म्हणाले. “ लाजू नगंस. मत धोतरावानी बदलावं, न्हाई तर वास येतो.”

सगळे हसले. मी सोडून.

मी निवृत्त मास्तर. रोज सकाळी मोठ्यानं पेपर वाचायचो, दहा माणसं ऐकायला बसायची. आता दहाही तिकडे. आमची हीसुद्धा जाता-येता दोनदा बी टाकायची.

एके दुपारी ‘पुरे’ची पातळी पहिल्यांदा ‘चालू द्या’च्या वर गेली. किसनराव जेवायला आत गेले. मी म्हशीच्या खुराकातली मूठभर सरकी ‘चालू द्या’त ओतली. म्हटलं, होऊ दे फजिती.

सांजेला ते बरण्या घेऊन माझ्याच दारात. “गुरुजी, तुमी शिकलेले. दुपारी गाव दमलं होतं. परत कसं पेटलं?”

मी अर्धा तास लोकमानस समजावलं. ते विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

उठताना म्हणाले, “म्हंजे अजून लय दिस लागायलेत. मला वाटायचं, गाव दमलं की वरचे बी दमतील. पोरगं घरी येईल.”

“पण भास्करची बदली तर दक्षिणेत झाली ना?”

“त्याच्या मायला तसं सांगितलंय. पुढं सीमेवरच हाय तो.”

त्यानंतर बरण्या ओट्यावर दिसल्या नाहीत. माणसं माझ्याकडे परतली. मी पेपर वाचायचो. शेजारचा ओटा रिकामा दिसायचा.

भास्कर धडधाकट परतला. किसनराव आता नाहीत. त्यांना मी कधीच सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो: किसनराव, त्या दिवशी गाव खरंच दमलं होतं.