तासगावची इस्टेट

जगातले निम्मे तंटे माणसे शब्द ढिलेपणाने वापरतात म्हणून होतात आणि उरलेले निम्मे ती दुसऱ्याचा शब्द ऐकत नाहीत म्हणून, असे वीरधवलरावांचे मत होते. पहिल्या निम्म्यात आपण कधीच सापडणार नाही, याबद्दल ते निःशंक होते. साताऱ्यात तीस वर्षे भाषाशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता घरी शब्दकोश रचत होते. एका वस्तूला एक शब्द, हा त्यांचा नियम. त्यापायी त्यांनी दोन सहकारी, एक व्याही आणि साताऱ्यातले बहुतेक सगळे भाजीवाले गमावले होते. नियम मात्र शाबूत होता.

अशा माणसाने जुनी मोटार घ्यायची ठरवली.

मोटार साधी नव्हती. ती युरोपातली होती, पुढून सभ्य, मागून लांबलचक, आणि पोटात शर्यतीचे इंजिन. असली वाहने तिकडचे लोक घरसामान, कुत्री आणि महत्त्वाकांक्षा एकदमच वाहून नेण्यासाठी घेतात. कोशाच्या कार्डांचे चाळीस खोके पुण्याच्या छापखान्यात पोहोचवायला ती लागणार, असे वीरधवलरावांनी पत्नीला, रेश्माताईंना सांगितले होते. खरे कारण वेग होते. आयुष्यभर त्यांना मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरने भोंगा वाजवून बाजूला केले होते. आता एकदा, फक्त एकदा, त्यांना कुणाच्या तरी पुढे जायचे होते. हाताशी सहा लाख होते, आणि तेवढ्यात असे वाहन आसपासच्या साऱ्या जिल्ह्यांत एकच होते: तासगावला, तवनाप्पा नावाच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडे.

तिला ते 'गाडी' म्हणत नसत. "बैलगाडी गाडी, आगगाडी गाडी, पोराच्या हातातलं चाकसुद्धा गाडी. या शब्दात अर्थ उरलेला नाही, नुसती चाकं उरलीत," असे ते म्हणत. अशा बांध्याच्या मोटारीला इंग्रज 'इस्टेट' म्हणतो; म्हणून ती इस्टेट.

गुरुवारी त्यांनी कोरेगावला धाकट्या भावाला, सयाजीला फोन केला. सयाजी घरची शेती बघे, आले आणि ऊस पिकवी. त्याच्या कोशात 'इस्टेट' या शब्दाला एकच अर्थ होता, आणि तो एका बांधापासून सुरू होऊन दुसऱ्या बांधाशी संपत असे.

"सयाजी, तासगावच्या तवनाप्पांची इस्टेट घेतोय मी. सहा लाखांत."



"समदी?"

"समदी म्हणजे? अर्धी कशी घेणार?"

"सा लाखात? खुळा हाय का रं त्यो म्हातारा?"

"मुलगा बंगळूरला गेला. इथं कुणी हात लावत नाही, नुसती पडून आहे."

"पडीक हाय व्हय. मोटर हाय का?"

"मोटरच तर बघण्यासारखी आहे. दीडशे घोड्यांची."

"दीडशे? आख्खी कृष्णा उपसायची हुती का त्येला? आन् बोअर?"

वीरधवलराव हरखले. बियाण्याच्या पिशवीवरील मजकुरापलीकडे काही न वाचलेला भाऊ थेट इंजिनाच्या नळकांड्याचा व्यास विचारत होता. "ब्याऐंशी," ते अभिमानाने म्हणाले.

"एवढ्यावर पाणी टिकतं?"

"दोन वर्षांत थेंब कमी झाला नाही म्हणतात."

"बोजा?"

"बँकेचा होता. उतरवलाय."

"डांबरी लागतीया?"

"डांबरीवरच तर तिची खरी मजा."

"मागची बाजू कशी हाय?"

"अरे, मागची बाजू हेच इस्टेटीचं वैशिष्ट्य. लांबलचक. काय वाट्टेल ते मावतं."

"कवा जाणार हायस?"

"रविवारी."

"सावकाश जा दादा," सयाजी म्हणाला. "गडबड करू नगंस."

वीरधवलराव फोनकडे पाहत राहिले. सयाजीने आजवर त्यांना कधी सावकाश जायला सांगितले नव्हते. मुळात त्यांच्या जाण्यायेण्याशी त्याला कधी कर्तव्यच नव्हते.

"सयाजीला यंत्रशास्त्रातलं इतकं कळतं, याची मला कल्पनाच नव्हती," ते रेश्माताईंना म्हणाले.

रेश्माताई पोळी लाटत सगळे ऐकत होत्या. "अहो, तुम्ही एकदा तरी गाडी म्हणालात का त्यांना?"

"मी गाडी म्हणत नाही."

"मग त्यांना काय कळलं ते देवालाच ठाऊक."

हा शेरा वीरधवलरावांनी, बायकोच्या बहुतेक शेऱ्यांप्रमाणे, पुराव्याअभावी फेटाळून लावला.

रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन ते एस.टी.ने निघाले. येताना स्वतःच्या वाहनातून यायचे असल्याने परतीचा विचार त्यांनी केलाच नव्हता. तासगावला तवनाप्पांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये, हिरव्या जाळ्यांखाली, ती उभी होती. तिच्या लांबलचक पाठीत बेदाण्याचे खोके रचलेले होते, आणि दार उघडताच बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीचा असा भपकारा आला की जणू एखादा राक्षस आत आंघोळ करून नुकताच बाहेर पडला असावा. वीरधवलरावांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. त्यांना काहीही खटकले नाही. प्रेमात नाक हा सर्वांत आधी निकामी होणारा अवयव आहे.

"मग तवनाप्पा, व्यवहार उरकून टाकू."

तवनाप्पांनी पेढा तोंडात टाकला. "व्यवहार कसला आता, सर? झाला की."

"झाला?"

"परवा तुमच्या भावाचा फोन आला, दादाला सांगितलेली इस्टेट मी घेतो म्हणाले, काल पैसं आलं. सा लाख, एकरकमी. मी म्हणलं, आवं, येऊन बघा तरी. तर म्हणाले, दादानं बघितलीया, दादाच्या शब्दावर माझा इस्वास हाय." ते आत वळून म्हणाले, "व्हय की न्हाई गं?"

"व्हय की," त्यांच्या पत्नी गुणमाला चहा घेऊन येत म्हणाल्या. "असा भाऊ मिळायला नशीब लागतं बगा, सर."

वीरधवलरावांचा गोंधळ उडाला, आणि मग त्या गोंधळातून एक अर्थ वर आला, इतका देखणा की त्यांना तपासून घ्यावासाच वाटला नाही. सयाजीने इस्टेट घेतली. थोरल्या भावासाठी. न बोलता. 'सावकाश जा' म्हणाला तो यासाठी! तीस वर्षे आपण या भावाला अडाणी समजलो. त्यांचे डोळे भरून आले. गुणमालाबाईंना वाटले, धुरी लागली. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

एवढ्यात दारात जीप थांबली. तीतून सयाजी उतरला. पाठोपाठ मनुबाईआत्या, हातात नारळ आणि हळदकुंकवाची वाटी. शेवटी गुंडा नावाचा मोजणी करणारा इसम, खांद्यावर फित्याचे भलेमोठे वेटोळे.

'सावकाश जा' सांगूनही आधीच पोहोचलेल्या भावाला पाहून सयाजीचा चेहरा चोरून दूध पिणाऱ्या मांजराला घरधनीण दिसावी तसा झाला. वीरधवलरावांनी ते विनयाचे लक्षण मानले आणि त्याला घट्ट मिठी मारली.

"सयाजी, तू माझ्यासाठी एवढं केलंस."

"मी?" सयाजीने मिठीतूनच तवनाप्पांकडे पाहिले. त्यालाही काही कळेनासे झाले होते. त्याने मान सोडवून घेतली. "आप्पा, इस्टेट कुठं हाय?"

"ही काय. तुमच्या म्होरंच हुबी हाय."

सयाजीने मोटारीच्या पलीकडे पाहिले. पलीकडे भिंत होती.

"न्हाई, इस्टेट म्हणतोय मी. द्राक्षाची बाग. बोअरची."

"बाग मी कशाला इकू? बागंवर तर जगतोय."

"आन् दीडशे घोड्याची मोटर?"

तवनाप्पांनी मोटारीच्या नाकावरचे झाकण उचलून दाखवले. सयाजी आत वाकला. ब्याऐंशीचा बोअर, रेडिएटरमधले न आटणारे पाणी, उतरलेला बोजा, सगळे दादाने सांगितल्याप्रमाणे जागच्या जागी होते.

 पुढे झाला तो गुंडा. त्याला मोजणीचे सांगून आणले होते आणि मोजणी न करता परतणे त्याच्या रक्तात नव्हते. त्याने फिता सोडला, एक टोक आत्याच्या हाती दिले आणि मागच्या काचेपर्यंत गेला. "लांबी पंधरा फूट," तो गंभीरपणे म्हणाला. "रुंदी पावणेसा. हद्दीखुणा कुठं रोवायच्या?"

मनुबाईआत्यांनी ऐंशी वर्षांत पुष्कळ वाटण्या पाहिल्या होत्या. "सया," त्या म्हणाल्या, "दादा घेणार हुता ती तू कशी घेतलीस रं?"

प्रश्न सोपा होता. उत्तर एकच होते आणि ते तोंडातून काढणे अशक्य होते. भावाची सहा लाखांची बाग त्याच्याआधी जाऊन लाटायची होती, असे आत्यासमोर आणि तिच्या नारळासमोर कोण सांगणार?

"मलाबी अशीच पायजे हुती," सयाजी म्हणाला. "लय दिस."

तेव्हा कुठे वीरधवलरावांना कळले. मिठीची ऊब अजून सदऱ्यावर होती. एका शब्दाचे दोन अर्थ, तीस वर्षे जे पोरांना शिकवले ते, अंगावर येऊन आदळले होते. गुरुवारी एकदा गाडी म्हटले असते तर हे घडले नसते. पण तसे म्हणणे म्हणजे नियम मागे घेणे. त्यांनी खिशातून चेकबुक काढले.

"सयाजी, हे सहा लाख. गाडी मला दे."

आयुष्यात प्रथमच ते गाडी म्हणाले. उपयोग झाला नाही.

"सख्ख्या भावाकडनं पैसं घेऊ?" सयाजी दुखावल्यासारखा म्हणाला. "गाव काय म्हणंल?"

"मग तशीच दे."

"सा लाखाची वस्तू तशीच देऊ? बायकू काय म्हणंल?"

गावाची आणि बायकोची अशी सोय लागल्यावर बोलण्यासारखे काही राहिले नाही. आत्यांनी नारळ फोडला. सयाजी स्टिअरिंगमागच्या खोल आसनात बसला, "बसलो का पडलो?" असे पुटपुटला आणि तीन वेळा सुरू करून तीन वेळा बंद पाडल्यावर त्याने मुकाट्याने चावी दादाच्या हाती ठेवली.

गुंडा आत्याला घेऊन जीपने पुढे गेला. विट्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला, आणि उसाचा एक ट्रॅक्टर दिसला. वीरधवलरावांनी पाय दाबला. दीडशे घोडे एकदम जागे झाले. ट्रॅक्टर आरशात टिकलीएवढा झाला.

"दादा," सयाजी दाराच्या हँडलला धरून म्हणाला, "मोटर दीडशेची हाय खरी."

"मी खोटा शब्द वापरत नाही."

कोरेगावला अंगणात चावी परत द्यावी लागली. तिथून वीरधवलराव एस.टी.ने साताऱ्याला आले.

"मिळाली का इस्टेट?" रेश्माताईंनी विचारले.

"घरातच राहिली," ते म्हणाले, आणि कोशाच्या टेबलाशी बसले. 'इस्टेट'चे कार्ड काढून त्यांनी जमीन आणि मोटार या दोन अर्थांमधली रेघ खोडरबराने पुसून टाकली.

फोन वाजला. सयाजी होता.

"दादा, गोठ्याला नाक लावून हुबी हाय. सगळं करून बघितलं. ही मागं कशी घ्यायची?"

वीरधवलरावांनी नेमका शब्द शोधायला थोडा वेळ घेतला.

"सया," ते गावच्या बोलीत म्हणाले, "मागं घ्यायला आपल्या घरात कुणालाच येत न्हाई."