शैलाताईंची मागची पंगत

शैलाताईंना जेवताना पाहिलेलं माणूस अख्ख्या ऑकलंडमध्ये सापडणार नाही. त्या जेवतात याला पुरावा एवढाच, की त्या अजून आहेत.

माउंट रॉस्किलमध्ये आम्ही शेजारणी. त्या हॉस्पिटलात नर्स, मी तिथेच फार्मसीत. रविवारी त्यांच्याकडे पुण्या-मुंबईहून शिकायला आलेली पोरं जेवायला असतात. शैलाताई पोळीवर पोळी वाढत फिरतात. तुम्हीही बसा म्हटलं की ठरलेलं उत्तर, “बसा रे तुम्ही. मी मागून बसते.” पोरं ताटं घासून, “हीप्स थँक्स, काकू” म्हणत निघून जातात, तरी ते ‘मागून’ काही उजाडत नाही. पुढे मी विचारणंच सोडलं. दिवसभर गोळ्या मोजून आल्यावर दुसऱ्याच्या जेवणाची चौकशी करायचं त्राण कुणाला असतं?

त्यातून बाईंना डायबेटिस. इन्शुलिन घड्याळ लावून, जेवण बेपत्ता. या हिवाळ्यात वॉर्डातच साखर उतरून त्या कोसळल्या. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर वॉर्डाचं काम बंद. आणि नवरा गेल्यापासून शैलाताईंना वॉर्डाशिवाय दुसरं होतंच काय? सक्तीची रजा मिळाली. मीही हिवाळ्याने पिळून निघाले होते. म्हटलं, चला फिजीला. ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट, खाणं-पिणं-लोळणं सगळं त्यातच. मला आठवडाभर फक्त आडवं पडायचं होतं.

पहिल्याच सकाळी मी पोहायचे टॉग्ज शोधत होते, तर शैलाताईंनी दोघींच्या गाद्या हॉस्पिटलसारख्या कोपरे दुमडून आवरलेल्या. खोली झाडायला आलेल्या मुलीचे पाय सुजलेले दिसले, म्हणून तिला खुर्चीत बसवून पाय उशीवर ठेवायला लावले. ती बिचारी घाबरून बसून राहिली.

जेवायला बुफे. शैलाताईंनी ताटली उचलली, इकडे-तिकडे पाहिलं आणि परत ठेवली.

“आपल्याच हाताने आपल्याला वाढून घ्यायचं? शी! भिकार लक्षण.”

मग पलीकडे जाऊन त्यांनी डावच हातात घेतला. रेड्यासारख्या दणकट एका पाहुण्याला “यू आर सो थिन, टेक मोअर!” म्हणत चिकनचा डोंगर वाढला. तो खूश होऊन म्हणाला, “स्वीट ॲज, आंटी.” तिथून लोक त्यांना रिसॉर्टचीच बाई समजू लागले. एका आजोबांनी टॉवेल मागितला, तर शैलाताईंनी तो आणून घडी करून दिला! मी ओरडले की म्हणायच्या, “खाते गं. तू बस, मी मागून बसते.” तोवर बुफे बंद. मग पर्समधली दोन बिस्किटं.

दोन दिवस मी डोळेझाक केली. तिसऱ्या दिवशी सकाळी पूलजवळ त्यांचे हात थरथरू लागले, कपाळ घामाने भिजलं. मी धावत जाऊन ज्यूस आणला, पाजला. जरा रंग परतल्यावर माझा तोल गेला.

“शैलाताई, वॉर्ड सोडायचाय का तुम्हाला? मी इथे झोपायला आलेय, तुमची राखण करायला नाही!”

त्यांनी ज्यूसचा रिकामा ग्लास पुसून बाजूला ठेवला.

“सासरी माणसं खूप. सुनेनं शेवटी जेवायचं. हे म्हणायचे, मी हिच्याबरोबर मागून बसतो. सासूबाईंचा नुसता संताप व्हायचा. पण हे थांबायचेच. इथे आल्यावरसुद्धा. माझी लेट ड्युटी असली तरी उपाशी राहायचे. माझं ताट ते वाढायचे, त्यांचं मी.”

“आणि आता?”

“आता ओट्याशी उभ्यानेच दोन घास. बसलं की समोर कुणी नसतं गं. घास तोंडात फिरत राहतो.”

मला भरून आलं आणि रागही आला. कुणाचा, ते कळेना.

दुपारी मी ताटली उचललीच नाही. भूक लागली की मी माणसात नसते, तरी रांग संपेपर्यंत बसून राहिले. वेटर टेबलं पुसू लागले.

“अगं, जेव ना,” शैलाताई डाव हातात धरूनच म्हणाल्या.

“तुमच्याबरोबर.”

त्या घुटमळल्या. मी त्यांच्या हातातून डाव काढून घेतला, त्यांना खिडकीशी बसवलं आणि भात, वरण, नारळाच्या दुधातला मासा असं ताट वाढून समोर ठेवलं. त्या उठल्या आणि माझं ताट वाढून आल्या. आम्ही समोरासमोर जेवलो. त्या सावकाश जेवत होत्या, सवय मोडलेल्या माणसासारख्या.

मी पुन्हा मासा घेऊन आले. आपल्याकडे दुसऱ्यांदा वाढायला आलं की माणूस ताटावर हात आडवा धरून पुरे म्हणतो, मनात असो वा नसो. मी थांबले. शैलाताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घालून म्हणाल्या, “वाढ.”