गहाणे सरांचा ज्वालामुखी

गहाणे सर दगड चाटतात.

हे मी लपवून ठेवत नाही, कारण ते स्वतःच लपवत नाहीत. रस्त्याकडेला एखादा गोटा आवडला की सर वाकतात, तो उचलतात, शर्टाच्या बाहीला पुसतात आणि जिभेचं टोक लावतात. मग डोळे बारीक करून त्याच्याकडे बघतात आणि "हं" म्हणतात. आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीचा साखरपुडा होता, तेव्हा जेवणाच्या हॉलमध्ये चकचकीत दगडी ओटा होता. सरांनी ताट बाजूला ठेवलं आणि ओट्याची कड चाटली. मुलाकडची मंडळी घास हातात धरून बघत राहिली. "माल चांगला हाय," सर म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं, पण त्यांनी मुलाच्या वडिलांनाही चाटून बघायचा आग्रह केला.

चाटण्यामागे शास्त्र आहे. दगड ओला झाला की त्यातले कण आणि रंग स्पष्ट दिसतात. "मग पाणी लावा ना सर," असं मी एकदा म्हटलं.

"पान्याची बाटली मी घरी विसरतो म्याडम. जीभ कधी विसरलो का?"

मी गोंदियातल्या एका शाळेत मराठी शिकवते, सर भूगोल शिकवतात. अकरा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी आहेत. सर मूळचे केशोरीकडचे, तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. त्यांचा पणजोबा म्हणे रानातून नुसता पायी फिरून यायचा आणि सांगायचा, पाळ इथं घाला, पाणी थांबेल. आणि थांबायचं. "पणज्याले गोट्याचं कळे," सर सांगतात, "आज्याले मातीचं. बापाले फक्त धानाचं. मी परत गोट्यावर आलो." यात घराणं पुढं गेलं की मागं, हे मी अजून विचारलेलं नाही.

सरांचा काळ आपल्यापेक्षा वेगळा चालतो. गाडी दोन तास लेट असली तरी ते फलाटावर पाय पसरून बसतात आणि "घाई कायले?" म्हणतात. "आत्ताआत्ताची गोष्ट" असं ते म्हणाले की ती साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची असते. पश्चिम महाराष्ट्रातल्या काळ्या दगडाबद्दल त्यांना फारसा आदर नाही. पुण्याहून एक प्रशिक्षक आले होते, ते सह्याद्रीच्या प्राचीनतेविषयी भारावून बोलत होते. सरांनी मागच्या बाकावरून हात वर केला. "तुमचा गोटा लेकरू हाय साहेब. आमचा दोनशे कोटी वर्षांच्या वरचा हाय. भेटाले या कधी." साहेबांनी पुढचा तास लवकर संपवला.

आणि दगडाच्या बाबतीत खोटं खपवून घ्यायचं नाही हा त्यांचा बाणा. मी एकदा सातवीला वाक्प्रचार शिकवत होते, 'दगडाला पाझर फुटणे'. सर दारात येऊन उभे राहिले. "कोनत्या दगडाले?" म्हणाले. वालुकाश्म असेल तर फुटेल, पण आपल्याकडच्या दगडाला फुटायचा नाही, तेव्हा पोरांना सरसकट शिकवू नका. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेत चार जणांनी अर्थाच्या जागी 'दगडावर अवलंबून आहे' असं लिहिलं, आणि मला ते मार्क कापताना फार राग आला होता, मुलांचा नव्हे.

तर, ज्वालामुखीची सहल. आमच्या जिल्ह्यात लोक वाघ बघायला नवेगावच्या राष्ट्रीय उद्यानात जातात, नागझिऱ्याला जातात. दगड बघायला फक्त गहाणे सरांची नववी जाते. दर जानेवारीत सकाळच्या पॅसेंजरने दरेकसाला उतरायचं आणि सालेकसा तालुक्यातल्या त्या डोंगरांत दिवसभर फिरायचं. हे सगळे डोंगर एका फार पुराण्या ज्वालामुखीच्या लाव्हाचे आणि राखेचे आहेत. सरांनी त्यात बारा थांबे ठरवले आहेत. मी मुलींसोबतची शिक्षिका म्हणून जाते. प्रथमोपचाराची पेटी आणि पोह्यांचा डबा माझ्याकडे असतो.

मुलांची अडचण अशी की घरून निघताना त्यांच्या डोक्यात धुराचा डोंगर असतो. तिसऱ्या थांब्यापर्यंत ती दम धरतात. मग कुणीतरी विचारतंच, "सर, वॉल्केनो किधर है?"

"बेटा, तू उसके ऊपर खड़ा है."

मूल घाबरून एक पाय उचलतं. "एक पाय उचलून काय होते? दुसरा त तिथंच हाय," सर म्हणतात. पण मुलांना ते पटत नाही. पायाखाली गवत, गोखरू आणि शेळ्यांच्या लेंड्या. सहा नंबरपर्यंत सर नुसते बोलत असतात आणि मुलं नुसती चालत असतात.

सगळी सहल उभी आहे ती सात नंबरवर. पायवाटेला लागून मोहाचं झाड आहे आणि त्याच्याखाली कमरेएवढा गुलाबी दगड. त्याच्या अंगावर बारीक पट्टे आहेत, शेकड्यांनी. घट्ट पिठलं ताटात ओतताना एकावर एक घड्या घालत बसतं, तसे ते पट्टे वळलेत, दुमडलेत. सर एका मुलाचं बोट धरतात, पट्ट्यावर ठेवतात आणि म्हणतात, "जा, चालत जा याच्यासंगं." बोट पट्ट्याबरोबर वळतं, खाली उतरतं, पुन्हा वर येतं. तेव्हा सर हळूच सांगतात, "हा वाहत व्हता. वाहता वाहता थांबला." दर वर्षी तिथं नववीचा वर्ग गप्प होतो. मी नववीला मराठी शिकवते, त्यामुळे ही केवढी गोष्ट आहे ते मला ठाऊक आहे.

घोटाळा सरांनीच केला. गेल्या वर्षीच्या सहलीआधी पाऊस जास्त झाला, रान माजलं, आणि सहलीत पाच नंबरचा दगड सापडेचना. "दोनशे कोटी वर्षं इथंच व्हता, यंदाच कुठं गेला?" म्हणत सर तासभर झुडपं हलवत होते. परत असं होऊ नये म्हणून त्यांनी शाळेच्या गेटचा उरलेला लाल ऑइल पेंट नेला आणि बाराही दगडांवर तळहाताएवढा एकेक गोल काढला. अकरा गोल गोलच राहिले. सात नंबर मोहाच्या झाडाखाली होता, बायकांच्या मोहफुलं वेचायला जायच्या वाटेवर.

यंदाच्या सहलीआधी मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं. पालक तक्रार करतात, म्हणाले. पोरं ज्वालामुखी बघायला जातात आणि कपड्यांना गोखरू लावून येतात. नववी अ आत्ता जाऊ द्या. मुलांनी काही पाहिलं असं पालकांकडून कळलं तर नववी ब फेब्रुवारीत जाईल. नाहीतर यापुढं सहल नागपूरकडच्या वॉटर पार्कला.

"सात नंबर दाखवतो ना," सर म्हणाले. त्यांना काडीची काळजी नव्हती.

आम्ही सात नंबरला पोचलो तर दगड दिसेना. म्हणजे दगड होता, पण वरपासून खालपर्यंत शेंदरात. बोटभर जाड लेप. बांबूला दोन झेंड्या, नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्या आणि एक म्हातारी बाई खराट्यानं भोवतालची जागा झाडत होती. तिचं नाव सुकवाराबाई, खालच्या पाड्यावरची.

"कोनं केलं हे?" सर ओरडले.

"कोन करन? देव निंगला," ती म्हणाली. "मोहाले आलो त बाया म्हने, गोट्याले कुकू लागलं हाय."

"अवो बाई, तो रंग मी लावला. ह्या हातानं. गेटचा ऑइल पेंट हाय तो!"

सुकवाराबाईनं खराटा खाली ठेवला आणि सरांकडे मोठ्या आदरानं बघितलं. "तुमी लावला? मंग तुमच्या सपनात आला असन."

"सपनात नाही, नकाशात आला!"

तिनं सरांच्या कपाळाला शेंदूर लावला आणि हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. सरांनी रागारागानं तो खाल्ला. तोवर अर्ध्या वर्गानं हात जोडले होते. उरलेल्यांनी विचारलं, "सर, पट्टे किधर है?" सर म्हणाले, "शेंदराच्या खाली." मुलांनी वहीत लिहिलं, 'थांबा सात : शेंदराच्या खाली.' त्या दिवशी वर्ग गप्प झाला नाही. परतीच्या गाडीत मुलं गाण्यांच्या भेंड्या खेळत होती आणि सर खिडकीशी बसून होते.

सरांनी मुख्याध्यापकांकडे नववी ब साठी एक संधी मागून घेतली, आता सगळं तिच्यावर होतं. दुसऱ्याच आठवड्यात सर घासलेटची बाटली, तारेचा ब्रश आणि जुनं धोतर घेऊन स्टाफरूममध्ये आले. "रविवारी चला म्याडम. सात नंबर साफ करू. बाई असली संगं त त्या बाया जास्त भांडनार नाहीत." मला रविवारी घरी ढीगभर कामं होती. पण नवऱ्याला चार कामं सांगून मी निघाले. भांडण झालंच तर ते चुकवायचं नव्हतं.

भांडण झालं नाही. सुकवाराबाई दगडासमोर पाय पसरून बसली होती आणि बोलत होती. आधी मला वाटलं, जप आहे. जवळ गेल्यावर ऐकू आलं, ती दगडाला शेळीबद्दल सांगत होती. शेळी काल खात नव्हती, आज खाल्लं. गुडघा डावा दुखतो, उजवा बरा आहे. आम्हाला बघूनही तिनं वाक्य पुरं केलं.

"घरी कोनी नाही का?" मी विचारलं.

"दोन पोरं हायेत. हैदराबादले, सुनाबी तिकडंच. फोन करतेत. हं हं म्हनतेत आन् ठेवतेत." तिनं दगडाकडे हात केला. "हा मधात बोलत नाही."

सरांनी धोतराचा बोळा केला, घासलेटची बाटली उघडली. वास सुटला. सुकवाराबाईला कळलं ते काय करायला आलेत. ती उठली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं.

"गुर्जी, रंग तुमी लावला म्हनता. त तुमालेच मालूम असन. खरं सांगा, हा आयकते का?"

मी सरांकडे बघितलं. पुण्याच्या साहेबांना सोडलं नाही तो माणूस. आता हिला लाव्हा सांगणार, राख सांगणार, पट्टे सांगणार, आणि सगळं खरं सांगणार. मी मनातल्या मनात तयारी केली की ती रडली तर काय बोलायचं.

सर दगडाजवळ वाकले. बोळा हातातच होता.

"आयकते," ते म्हणाले.

"खरंच?"

"मी बारा वर्षांपासून येऊन बसतो इथं, रविवारी. माही घरवाली गेली तवापासून. हे सालच तेवढं सुटलं, मतदार यादीच्या कामानं. आठवडाभराचं सांगतो. शाळेचं, भाजीचं, तिच्या बहिनीच्या पोरीचं लगन ठरलं ते." त्यांनी बोळा खाली ठेवला. "अजून त उठून गेला नाही."

सरांची बायको गेली आहे हे मला माहीत होतं. मी शाळेत रुजू व्हायच्या आधीची गोष्ट. पण ते घरी गेल्यावर कुणाशी बोलतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी त्यांच्या नकला केल्या, घरी जाऊन नवऱ्याला हसवलं. मला त्या मोहाच्या झाडाखाली स्वतःची फार लाज वाटली.

सरांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती माझ्या पिशवीत ठेवली. नववी ब चं काय, असं मी विचारलं नाही. त्यांना ते माहीत होतं.

"बाई," ते सुकवाराबाईला म्हणाले, "तुमी रोज येता. मले एकच दिवस भेटते. रविवार तेवढा माह्यासाठी ठेवान का?"

सुकवाराबाई सरकली आणि बाजूची जागा हातानं झाडून दिली.

"दोघं आलो त काय झालं? तो का थकते?"

नववी ब वॉटर पार्कला गेली. मुख्याध्यापकांनी सरांना सोबत यायला सांगितलं होतं. सर म्हणाले, जमणार नाही, सहल रविवारी आहे.