क्युबा, नवाहो आणि आमचा भास्करनाना

लाइट गेली की आमची गल्ली एका सुरात "गेलीऽऽ" म्हणून ओरडते. तसं तुमच्याकडेही होत असेल. पण त्यानंतर समोरच्या ओट्यावरून एक शांत आवाज येतो, तो तुमच्याकडे नक्की येत नसणार.

"क्युबातबी गेली असंल," तो आवाज म्हणतो. "रोजच जाते तठी. अन नवाहोच्या कितीक घरांत तर ती आलेलीच नही. आता सांगा, जास्त जीव कोनाचा जळत असंल? ज्याची गेली त्याचा, का ज्याची आलीच नही त्याचा?"

आणि आमची सावद्याची गल्ली, मे महिन्यात जिथे पाण्याच्या टाकीतलं पाणीसुद्धा चहासारखं लागतं, ती हातातले पुठ्ठे हलवायचे थांबवून विचारात पडते.

हा आवाज भास्करनानाचा. मी त्याच्यावर जळतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या हिला ते लग्नापासून माहीत आहे. ही धुळ्याची. एरवी सावद्यासारखं बोलते, पण मला टोचायचं असलं की माहेरची बोली काढते. "तुमनं पोट दुखस, दुसरं काय शे?" असं म्हणते आणि वांग्याच्या भाजीची पहिली वाटी समोर नानाकडे पाठवते. माझ्या देखत.

नाना आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत होता. रिटायर झाल्यावर भुसावळला रद्दीच्या दुकानात जुना नकाशा शोधायला गेला आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. कोण्या प्रोफेसराने त्यात दोन समाजांची तुलना केलेली. एक क्युबा बेटावरचे लोक, दुसरे अमेरिकेच्या वाळवंटातले नवाहो आदिवासी. त्यांचं घर, खाणं, औषधपाणी, शाळा, कामधंदा, लग्नकार्य, सगळं समोरासमोर मांडलेलं. हेच दोन समाज का निवडले, हे प्रोफेसराने प्रस्तावनेत सांगितलं असणार, पण प्रस्तावना फाटलेली होती. आणि शेवटचं प्रकरण, ज्यात दोघांत बरं कोणाचं ते लिहिलेलं असणार, त्यात कोणीतरी शेंगदाणे बांधून नेले होते. एवढा मोठा निकाल अर्धवट राहिलेला नानाला बघवला नाही. तो लावायचं काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं.

तेव्हापासून जगातली कुठलीही गोष्ट त्याला एकटी दिसत नाही. तिच्या एका हाताला क्युबा असतो, दुसऱ्या हाताला नवाहो.

त्याचा गुडघा धरला तेव्हा मी माणुसकी म्हणून बघायला गेलो. मला वाटलं, दुखतंय कुठे ते सांगेल. तर म्हणाला, "क्युबात डॉक्टर दवाखान्याच्या वरच राह्यतो, दामू. खिडकीखाली हाक मारली की चप्पल घालून खाली येतो. मी जळतो त्यायच्यावर." मग गुडघ्यावर हात फिरवत त्याने तराजू दुसरीकडे झुकवला. "पन त्या डॉक्टरले पगारात भागत नही. कितीक जन टॅक्सी चालवतात म्हने. नवाहोचं उलटं. दवाखाना सरकारी, फुकट, पन अठून धुळ्याले जावं इतका दूर. पानीबी गाडीवर पिपं ठेवून दुरून भरून आनतात."

"मग बरं कोणाचं?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण त्याच्यासमोर बसलं की तोंडातून निघतंच.

"शेवटची पानं नही ना, बापा," नाना म्हणाला.

गल्लीतल्या बायकांचा कौल नवाहोंना आहे. तिथे घर बाईचं असतं, मेंढ्या बाईच्या असतात आणि नवरा लग्न करून तिच्याकडे राहायला येतो, असं नानाने एकदा सांगितलं. त्यानंतर आठवडाभर आमची ही माझ्याकडे भाडेकरूकडे बघावं तसं बघत होती.

आता माझं दुःख सांगतो. मी रेल्वेच्या ऑफिसात आयुष्य घातलं. माझ्याकडे एकापेक्षा एक किस्से आहेत. माझ्या ओट्याला ग्रॅनाइट आहे, वर पंखा आहे, पाहुण्यांसाठी माठ आहे. नानाच्या ओट्याची फरशी फुटलेली. तरी संध्याकाळ झाली की गल्ली त्याच्याकडे जाते. माझ्या माठातलं पाणी पिऊन जाते, हे आणखी.

गिरणीतला प्रकार तर माझ्या जिव्हारी लागला. क्युबात म्हणे रांगेत उभं राहत नाहीत. आलेला माणूस "उल्तिमो?" म्हणून हाक देतो, म्हणजे शेवटचा कोण. ज्याचा नंबर शेवटचा असेल तो हात वर करतो. त्याच्यामागे आपला नंबर, हे लक्षात ठेवायचं आणि सावलीत जाऊन गप्पा मारायच्या. नानाने हे आमच्या गिरणीत सुरू केलं आणि लोकांनी ते उचललं. गहू घेऊन आलेल्या म्हाताऱ्या दारातून "उल्तिमोऽ" म्हणून ओरडायला लागल्या. मी ठरवलं की मेलो तरी हा शब्द तोंडातून काढणार नाही. डबा घेऊन मुकाट्याने उभा राहिलो. पाठून येणारे हाक देत गेले, दळून नेत गेले, आणि मी गिरणी बंद होईपर्यंत शेवटचाच राहिलो. घरी आल्यावर ही म्हणाली, "भाकरीले पीठ नही, तुमना रुबाब थापू का?"

नानाचं दुसरं खूळ म्हणजे कारण नसताना खर्च. दोन-तीन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत त्याने अख्ख्या गल्लीला मळ्यात भरीत-पुरी खाऊ घातली. वाढायला माणसं होती, तरी मीठ मात्र हा स्वतः वाढत फिरत होता. निमित्त कोणी विचारलं तर नुसता हसायचा. आम्ही धरून चाललो की क्युबात काहीतरी सण असेल. भरीत कच्चं होतं, हे मी त्याच दिवशी चारचौघांत सांगितलं होतं.

हे सगळं मी पोटात घालून राहत होतो. मग माझी मुलगी मनीषा बाळंतपणाला आली आणि मला नात झाली. आता गल्ली माझ्याकडे वळणार, असं मला वाटलं. वळलीही. पण सगळ्यांच्या पुढे नाना होता. रोज सकाळी हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून तो यायचा आणि झोळीजवळ बसायचा. कान किती पातळ, बोटं किती लांब, सगळं बघायचा. बाळही त्याच्या मिशीकडे टक लावून बघत राहायचं. मी समोर गेलो की ते जांभई द्यायचं.

बाळाला तिसरा महिना लागला तेव्हा नानाने ती गोष्ट सांगितली. माझं घर भरलेलं असताना, माझ्याच खुर्चीत बसून.

"नवाहोत बाळाचं पहिलं हसू लई मोठं असतं," तो म्हणाला. "झोपेतलं नही, ओठ हलवनं नही. चांगलं आवाज करून हसलं पाह्यजे. ज्याच्यापायी ते हसलं त्यानं सगळ्यायले जेवन द्याचं. अन जेवनाआधी बाळाच्या हातानं प्रत्येकाच्या हातावर मीठ ठेवाचं. म्हंजे पोर द्यायले शिकतं. तवा ते माणसात आलं."

झालं. गल्लीला काम मिळालं. कोणी खुळखुळा आणला, कोणी तोंडाने इंजिनाची शिट्टी वाजवली. पहिलं हसू कोणाचं, यावर गिरणीत चर्चा व्हायला लागली, आणि बहुतेकांचं म्हणणं पडलं की नानाचंच. माझ्या नातीचं पहिलं हसू! मी आरशासमोर उभा राहून तोंडं करून बघितली. गाल फुगवले, कान हलवायला शिकलो. बाळाने एकदा माझे कान नीट बघितले आणि रडायला लागलं.

एकदा आम्ही दोघेच होतो तेव्हा मी नानाला सरळ विचारलं, "तुला तुझा नातू आहे ना कॅनडात? माझ्या नातीच्या मागे काबर लागला?"

त्याला राग आला नाही. "जळतो मी तुझ्यावर, दामू," तो म्हणाला. "क्युबाची पोरं समुद्र ओलांडून जातात, नवाहोची कामासाठी शहरात. मायबाप मागं. दोघायचं एवढं एकच प्रकरण सारखं हाये पुस्तकात. माझा अर्णव अजून मांडीवर घेतलेला नही मी. तुझी तर घरातच हाये."

माझ्यावर कोणी जळत असेल, हे ध्यानीमनी नव्हतं. खरं सांगतो, मला थोडं बरंही वाटलं.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मी दही आणायला गेलो आणि मागच्या दाराने घरात शिरलो. ही गच्चीवर पापड वाळत घालत होती, मनीषा न्हाणीत होती. बाळ बाहेरच्या खोलीत नानाजवळ होतं. मी स्वयंपाकघरात दही ठेवतो न ठेवतो, तोच नानाचा आवाज आला, "उल्तिमो?"

आणि माझी नात हसली. खळखळून, चांगला आवाज करून हसली.

माझ्या पोटात असा काही जाळ झाला की ते दही मीच खावंसं वाटलं. आता नाना ओरडणार, गल्ली धावणार, जेवण नाना देणार आणि जन्मभर हे पोर नानाचं म्हणून ओळखलं जाणार. पण नाना ओरडला नाही. हळूच म्हणत होता, "शूऽ, शूऽ. आता नही, बाई. तुझ्या आजोबाले येऊ दे. जीव देईल तो."

मी पावलं न वाजवता मागे फिरलो, वळसा घालून पुढे आलो, फाटक वाजवलं आणि खाकरत आत शिरलो. नाना पेपरात डोकं घालून बसला होता.

"बरं झालं आला," तो म्हणाला. "पोरगी आज खुशीत दिसते. जरा 'उल्तिमो' म्हनून पाह्य बरं तिले."

"मी नाही म्हणणार."

"म्हन ना. कोन ऐकतं अठी?"

मी झोळीवर वाकलो. गिरणीच्या दारात जो शब्द मी गिळला होता, तो बाहेर काढला. "उल्तिमो," मी पुटपुटलो. नातीने नुसतं बघितलं. "असं नही, मोठ्यानं," नाना म्हणाला. मग मी गाल फुगवून, कान हलवून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "उल्तिमोऽऽ?"

ती हसली. माझ्याकडे बघून हसली.

"हसली! दामूले हसली!" नाना ओट्यावर जाऊन बोंबलायला लागला. मनीषा ओल्या केसांनी धावत आली, ही पापडाच्या हातांनी जिना उतरली. गल्ली जमली. मला लोकांनी खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं, आणि एवढं सगळं होऊन माझ्या पोटातला जाळ काही विझेना. एवढी हाताशी आलेली गोष्ट हा माणूस सोडून कशी देऊ शकतो, याचाच मला हेवा वाटायला लागला.

रविवारी जेवण ठेवलं. भरीत, पुरी, सगळं. पंगत बसायच्या आधी मी नानाला बाजूला घेतलं.

"नाना, मी ऐकलं होतं. ती आधी तुला हसली."

"माहीत हाये," नाना म्हणाला. "तुझं मागचं दार करकरतं. त्याले तेल घाल."

"मग जेवण तू द्यायचं. काबर सोडलं?"

"माझं झालं, बापा, देऊन."

"कधी?"

"मळ्यात तू तीनदा भरीत घेतलं. अन चारचौघांत म्हनला, कच्चं हाये."

नाना सदऱ्याची बटणं चाचपत होता.

"अर्णव फोनवर माझी मिशी पाहून हसला," तो म्हणाला. "सूनबाई म्हने, बाबा, पहिल्यांदाच हसला असा. फोनातलं हसू धरतात का नही, ते काही पुस्तकात नही. मी धरलं. जेवन तर दिलं, पन मीठ पोराच्या हातानं द्याचं असतं. हात कुठून आनू? मंग मीच वाढलं."

तेवढ्यात हिने हाक मारली. मी नातीला कडेवर घेतलं, मिठाची वाटी घेतली आणि पंगतीत फिरायला लागलो. तिची मूठ मिठात बुडवायची आणि समोरच्याच्या हातावर झाडायची. लोक हसत होते, नमस्कार करत होते. नाना अगदी शेवटी बसला होता. मी तिची मूठ त्याच्या हातावर झाडली. मग मागे फिरलो नाही. पुन्हा वाटीत बुडवली आणि पुन्हा त्याच्याच हातावर धरली.

"हे मागच्या पार्टीचं," मी म्हणालो. "अर्णवकडून."

नानाने हात मिटला. नातीचं बोट त्याच्या मुठीत अडकलं, ते त्याने सोडलं नाही.

"क्युबात..." तो म्हणाला, आणि पुढे त्याला काही आठवेना.