राखणदारांची समिती

रानडुकरांनी पीक खाल्लं की भरपाई मिळायची. पण पंचनाम्याला साहेब येईपर्यंत त्या वावरात दुसरं पीक उभं राहायचं. म्हणून देऊळघाटच्या इंद्रभानने समिती काढली. मागणी एकच, पंचनामा गावच्या पंचांनी करावा. मागणी रास्त होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात तिचा दोष नाही.

बुलढाण्याला मंडप उभा राहिला. आंदोलनाला माणसं लागतात, आणि बसून राहायची सवय असलेली माणसं म्हणजे वावरं राखणारी. समितीने ती सगळी उचलून मंडपात बसवली.

“अवो, मंग आपल्या मक्याच्या राखनीले कोन जाईन?” इंद्रभानच्या बायकोने, कोकिळाने विचारलं.

“नियम बदलू दे. मंग राखनीची चिंताच नाई.”

डुकरांना मात्र तेवढा धीर नव्हता.

साहेब मंडपात येत आणि एकच वाक्य बोलत, “निवेदन ठेवा, वर कळवतो.” शेवटी खरंच वरून नियम बदलून आला. इंद्रभानसह समितीचेच पाच जण पंच झाले. गुलाल उधळत मिरवणूक कोकिळाच्या वावरापाशी आली, तेव्हा वाजंत्रीवाल्यांनी आपणहून वाजवणं थांबवलं. तिथं एक कणीस शिल्लक नव्हतं.

पंचांनी काम चोख केलं. गावातल्या सुभद्राबाईला आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर भरपाई मिळाली. म्हातारी रडली, आणि इंद्रभानलाही भरून आलं.

“आता आपल्या वावरात चाला,” कोकिळा म्हणाली.

“ते नाई जमत. पंचाच्या वावराले भरपाई नाई.”

“हा नियम कोनं घातला?”

“आमीच मांगला. वशिला चालू नये म्हणून.”

मका कोकिळाने पेरला होता, निंदलाही तिनेच. तिला रडू आलं नाही, राग आला. दुसऱ्या दिवशी पाचही पंचांच्या बायका मंडपातलीच सतरंजी अंथरून इंद्रभानच्या दारात बसल्या.

इंद्रभान बाहेर आला आणि बोलून गेला, “निवेदन ठेवा, वर कळवतो.”

बोलल्यावर त्याला साहेब आठवले आणि लाज वाटली. सतरंजीच्या कडेला टेकून त्याने हळूच विचारलं, “उपाशी किती दिवस राह्यशीन?”

“आमी साऱ्याजणी जेवून आलो,” कोकिळा म्हणाली. “उपोषण तुमचं हाये.”