शेवटचा हात

"आज संध्याकाळपर्यंत मी कायम होणार! लिहून ठेव!" व्यवस्थापकांनी बायकोला बजावलं.

"कायम व्हायला निघालात ना, मग किल्ल्या तरी घेऊन जा," ती म्हणाली.

जुन्या न्यायालयाच्या इमारतीचं आधुनिक कलादालन करायचं काम सहा महिने त्यांच्या गळ्यात होतं. आज उद्घाटन. कायमची जागा एकच, आणि ती आपलीच, असं ते धरून चालले होते. आरोपीच्या पिंजऱ्याच्या जागी आता तिकीटखिडकी आली होती. आत उभ्या माणसाचा चेहरा मात्र तसाच राहणार होता!

सकाळीच एक बडा कलाकार आला. तिसऱ्या दालनात भिंतीवर ओलीचा हातभर डाग होता. त्याने डागाभोवती खडूने चौकट आखली, नाव दिलं 'साक्ष', आणि "शेवटचा हात फिरवायचा राहिलाय, दुपारी येतो" म्हणत तो जेवायला गेला. डाग पाडला पावसाने, दमला कलाकार!

व्यवस्थापकांनी पेंटरला हाक मारली. "तिसऱ्या दालनात जपून हं! तिथे शेवटचा हात राहिलाय."

पेंटर वीस वर्षं धंद्यात मुरलेला. त्याच्या लेखी हात म्हणजे रंगाचा थर. "समजलं साहेब. निर्धास्त राहा!"

साहेब निर्धास्त होऊन खुर्च्या मोजायला गेले. तीन वाजता परतले तर भिंत दुधासारखी पांढरीशुभ्र!

"अरे, डाग कुठेय?"

"गेला!" पेंटर छाती फुगवून म्हणाला. "तुम्ही एकच हात म्हणालात, पण डाग भारी चिवट. मी आपले दोन मारले."

तेवढ्यात कलाकार आणि कलादालनाच्या अध्यक्षबाई बरोबरच आत आले.

"माझी साक्ष!" कलाकार किंचाळला.

बाई भिंतीजवळ गेल्या. चष्मा वर केला. "हे कुणी केलं?"

व्यवस्थापकांना दरदरून घाम फुटला. नोकरी गेलीच म्हणायची! "बाई, माझा यात काडीचाही हात नाही! सगळं या पेंटरने केलं!"

"नक्की?"

"मुलांची शपथ!"

"सहा महिने तो डाग काढा म्हणून मी तुमच्या मागे लागले होते," बाई म्हणाल्या. "शेवटी या इमारतीत कुणीतरी काम केलं!"

पेंटर त्याच संध्याकाळी कायम झाला. व्यवस्थापकांनाही बाईंनी काम दिलं. पायरीवर बसून रडणाऱ्या कलाकाराची समजूत काढायचं. तेही हंगामी.